बगळ्याच्या वह्या

तळ्याच्या फाटकावरच्या माणसाने माझ्यापुढे एक जाडजूड वही सरकवली आणि म्हणाला, "आत जाताना सही, बाहेर पडताना सही. दोन्ही जुळल्या पाहिजेत."

चौतीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीत दुसऱ्यांच्या सह्या पडताळल्या. अर्जावरची सही आणि जुन्या नोंदीतली सही शेजारी ठेवायची, भिंग लावायचं आणि खाली शेरा मारायचा : जुळते, किंवा जुळत नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी भिंग अजून शर्टाच्या खिशात असतं. तेव्हा माझ्याच धंद्याची भाषा एका चिखलाने माखलेल्या माणसाच्या तोंडून ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फुलं आणि मासे बघायला आलेल्या माणसांची सही कशाला हवी? ज्याला दुसऱ्याचा एवढा संशय, त्याच्या स्वतःच्या पोटात काहीतरी असणार. चोराच्या मनात चांदणं.

मी सही केली, वहिनींनी केली. त्याने दोन्ही सह्या वाचल्या, आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग वहिनींच्या पिशवीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"पिशवीत काय?"

"डबा, पाण्याची बाटली आणि एक फोटो," वहिनी म्हणाल्या.

"बाटलीचं तोंड केवढं आहे?"

वहिनींनी बाटली काढून दाखवली. अरुंद तोंडाची होती. तेव्हा कुठे त्याने आम्हाला आत सोडलं.

आम्ही हौसेने फिरायला निघालेले प्रवासी नव्हतो. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पाच महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. तेव्हापासून तो शुश्रूषागृहात आहे. त्याच्या उशाशी एक फोटो चिकटवलेला असतो. बावीस वर्षांपूर्वी तो आणि वहिनी या तळ्यावर आले होते, तेव्हा वहिनींनी काढलेला. दादा पायरीवर उकिडवा बसलाय आणि त्याच्या तळहातातून एक मासा खातोय. पांढरा मासा, डोक्यावर लाल ठिपका, पाठीवर ओळीने तीन काळे डाग. दादा तसा मितभाषी, पण या माशाची गोष्ट त्याने घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितली आहे. "माझी बोटं ओळखली रे त्याने," असं म्हणायचा. गेल्या आठवड्यात वाकड्या झालेल्या तोंडाने त्याने वहिनींना विचारलं, "मासा... असेल?" वहिनी म्हणाल्या, "असेल की." दादाने मान भिंतीकडे वळवली. मग थोड्या वेळाने डावा हात उचलून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "दोघं. जा."

आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो, हे दादाला ठाऊक होतं. तेही सांगून टाकतो, कारण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांपूर्वी दादाच्या सहीचा एक अर्ज शुश्रूषागृहाच्या कचेरीत आला. मला घरी जायचं आहे, इथून पुढचे निर्णय माझ्या पत्नीने घ्यावेत, असा मजकूर होता. डॉक्टर आणखी काही महिने ठेवा म्हणत होते. तिथल्या कारकुनाला माझं पूर्वीचं काम माहीत होतं. "तुम्हीच यातले जाणकार, तुम्हीच बघा," म्हणत त्याने अर्ज आणि दादाची बारा वर्षांपूर्वीची सही माझ्यापुढे ठेवली. मी भिंग लावलं. एकही वळण जुळत नव्हतं. वहिनींना रोजची ये-जा जड झाली असणार आणि त्यांनीच सही ओढली असणार, असं माझ्या मनाने घेतलं. वहिनी म्हणाल्या, "माझ्यासमोर केलीय त्यांनी. डाव्या हाताने उजवा हात धरून केली." मी म्हणालो, "समोर होतात म्हणून तर विचारतोय." दादाला विचारलं तर त्याने मान हलवली, पण त्या दिवसांत तो काहीही विचारलं तरी मान हलवायचा. मी माझ्या हाताने शेरा लिहिला : सही जुळत नाही. अर्ज चौकशीत अडकला आणि दादा तिथेच राहिला. वहिनी त्यानंतर माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. बसमध्ये दोन तास त्यांनी पिशवी मधल्या जागेवर ठेवली होती.

तर मासा आहे की नाही, एवढंच बघून यायचं होतं. असला तर दादाला सांगायचं. नसला तर काय सांगायचं, हे ठरवायला आधी आमच्यात बोलणं हवं होतं.

तळं देखणं होतं, यात वाद नाही. चारी बाजूंनी उतरत्या दगडी पायऱ्या, मधोमध एक बुटका लाकडी पूल आणि पाण्यावर ताटाएवढी हिरवी पानं. पानांमधून पांढरी, गुलाबी, पिवळी लिलीची फुलं वर आलेली. इतकी नीटनेटकी की मला ती प्लास्टिकची वाटली. एक फूल चाचपून बघावं म्हणून मी वाकलो, तोच मागून आवाज आला.

"ओ साहेब, हात मागे."

तोच फाटकावरचा माणूस. आता त्याने छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली होती. पाण्यावर वीतभर उंचीवर बारीक तार ताणलेली मला दिसली.

"ही तार कशाला?"

"बगळे येतात. मासे उचलतात."

तो पाण्यात उतरला, पिवळी पडलेली पानं विळ्याने देठापासून कापून मागे ओढलेल्या टबात टाकू लागला. दहा पानं कापली की थांबायचा, एका जागी स्तब्ध उभा राहून पाण्यात बघत बसायचा. उंच, वाळका, मान जराशी पुढे आलेली. मला बगळ्याचं ध्यान आठवलं. डोळे मिटलेले असले तरी लक्ष माशावर असतं, ते.

वहिनींनी पायरीवर जाऊन त्याला हाक मारली आणि फोटो पुढे केला. त्याने हात टॉवेलला दोनदा पुसले, फोटो कडांनी धरला आणि बराच वेळ पाहिला.

"कुठला महिना होता?"

वहिनींनी सांगितला.

"दुपार टळल्यावर आला होतात. पुलाच्या डाव्या पायरीवर."

"हो," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"सावली बघा ना. आणि हे हात पुढे केलेले, ते तुमचे मालक?"

"हो. आजारी आहेत. मासा आहे का, विचारलंय त्यांनी."

त्याने फोटो परत दिला. "आहे. चार वाजता येईल."

"कशावरून?" मी विचारलं.

"येईल की," म्हणून तो पुन्हा पानांकडे वळला.

हात बघणारे ज्योतिषी असंच करतात. आधी तुमच्याकडूनच सगळं काढून घेतात आणि मग तुमचंच तुम्हाला भविष्य म्हणून सांगतात. नवरा आजारी, बाई आशेने आलेली, एवढं समजल्यावर कुठला माणूस "मासा मेला" म्हणेल? कुठेतरी पाणी मुरत होतं. चार वाजायला दोन तास होते. वहिनी पुलावर बसून राहिल्या आणि मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेलो. शितावरून भाताची परीक्षा करायची असेल तर टपरीसारखी जागा नाही.

टपरीवर एक ठसठशीत बाई होती. एका हाताने किटली हलवत होती, दुसऱ्या हातात फाटलेलं मासे पकडायचं जाळं आणि सुतळी. मी चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आतला तो माणूस कोण हो?"

"बगळा म्हणतात त्याला."

"का?"

"उभा असला की बघा, मग कळेल."

"किती वर्षं आहे इथे?"

"तळं खणलं तेव्हापासून. खणायलाच आला होता, एकोणीस वर्षांचा. काम संपल्यावर बाकीचे मजूर गेले. हा म्हणाला, पाणी भरलेलं तेवढं बघतो आणि जातो. एकतीस वर्षं झाली, अजून बघतोय."

"स्वभावाने कसा आहे?"

"संशयी. सख्ख्या सावलीला पण दोनदा वळून बघेल." तिने सुतळी दाताने तोडली. "तुम्हाला काय चोरी-बिरी झालीय का?"

"अजून तरी नाही. मासे मरतात का इथले?"

"मरतात की. माणसं मरतात, मासे काय अमरपट्टा घेऊन आलेत?"

"मेलेल्यांच्या जागी नवे आणतात?"

"आणतात."

"आणि कुणी जुना फोटो घेऊन आलं, आमचा मासा दाखवा म्हणालं, तर?"

"येतात ना बरेच. तर तो सतरा नंबर दाखवतो."

"प्रत्येकाला?"

"जो येतो त्याला सतराच."

हातच्या काकणाला आरसा कशाला. मी चहा संपवला, तो चांगला होता हे मान्य करायला हवं, आणि तडक पुलावर गेलो.

"वहिनी, हा माणूस जो येतो त्याला एकच मासा दाखवतो. बाहेर टपरीवर चौकशी करून आलोय."

वहिनी डब्यातलं खात होत्या. त्यांनी घास पुरा केला. "भाऊजी, चार वाजू द्या."

"मी फक्त एवढंच म्हणतोय की..."

"तुम्ही काय म्हणताय ते मला पाठ आहे."

पुढचा दीड तास मी नजर त्या माणसावरून काढली नाही. त्यानेही माझ्यावरून काढली नाही. मी खिशात हात घातला की तो पान कापायचं थांबायचा. तो पाण्यात वाकला की मी उठून उभा राहायचो. मध्ये एक कुटुंब येऊन फुलांपुढे फोटो काढून गेलं, त्यांच्या बाटल्याही त्याने जाताना उचलून पाहिल्या. साडेतीनच्या सुमारास फुलं एकेक करून मिटायला लागली, तेव्हा ती प्लास्टिकची नाहीत एवढं मला मान्य करावं लागलं.

चार वाजता तो पत्र्याचा डबा घेऊन डाव्या पायरीवर आला. डब्यातल्या डावाने दगडावर तीन ठोके दिले. पाणी हललं आणि पानांखालून मासे निघाले. केशरी, सोनेरी, काळे, ठिपक्यांचे, एकमेकांवर चढत, तोंडं उघडत. त्याने मूठभर खाणं लांब फेकलं आणि गर्दी तिकडे वळली.

"थांबा," तो वहिनींना म्हणाला. "तो शेवटी येतो. त्याला धक्काबुक्की आवडत नाही."

गर्दी पांगल्यावर पुलाच्या सावलीतून एक मासा सावकाश आला. हातभर लांब, पांढरा, डोक्यावर लाल ठिपका. त्या माणसाने वहिनींच्या तळहातावर चार दाणे ठेवले. वहिनींनी हात पाण्यात धरला. माशाने तोंड लावलं.

"अगंबाई, बोटं चोखतोय," वहिनी म्हणाल्या आणि हसल्या. पाच महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतच होत्या. "अहो, हे असंच म्हणायचे. दात नसतात म्हणून गुदगुल्या होतात."

मी वहिनींच्या पिशवीतून फोटो बाहेर काढला, भिंग लावलं, माशाकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे पाहिलं. फोटोतल्या माशाच्या पाठीवर तीन काळे डाग होते. या माशाची पाठ स्वच्छ पांढरी होती. एकही डाग नव्हता.

मी गप्प बसू शकलो असतो. पण चौतीस वर्षांत मी कधी गप्प बसलो नव्हतो.

"वहिनी, हा तो मासा नाही."

त्यांचा हात पाण्यातच थांबला.

"डाग कुठे आहेत? तीन डाग होते. हा बघा फोटो." मी त्या माणसाकडे वळलो. "जो येतो त्याला तुम्ही हाच मासा दाखवता, खरं की नाही?"

"खरं," तो म्हणाला.

"म्हणजे कबूल आहे?"

"हाताला येणारा तो एकच आहे साहेब. बाकीचे येत नाहीत. ज्यांच्या फोटोत हातातून खाणारा मासा, त्यांच्या फोटोत सतराच असतो."

"आणि डाग?"

"गेले."

"गेले म्हणजे? साबण लावून धुतले?"

"वयाने गेले."

"बरं सुचलं."

त्याने डब्याला झाकण लावलं. चेहऱ्यावर राग होता, पण आवाज चढला नाही. "चला," म्हणाला आणि पुढे चालू लागला. वहिनींनी हात पदराला पुसला. त्या माझ्याकडे न बघता त्याच्या मागे गेल्या. दादाला आता काय सांगायचं, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होता, आणि तो मीच तिथे लिहिला होता.

तळ्यामागे पंपाची खोली होती आणि तिला लागून त्याची राहती खोली. भिंतीपलीकडे मोटर घरघरत होती. खुंटीला दुसरी रबरी विजार, तिच्यावर सायकलच्या ट्यूबची ठिगळं. खिडकी तळ्याकडे उघडणारी, आणि खाट अशी लावलेली की उशीवरून पाणी दिसावं. मी हे सगळं बघत होतो तोच टपरीवरची बाई दुरुस्त केलेलं जाळं घेऊन आत आली आणि ते खुंटीला अडकवलं.

"हेच ते," ती त्याला म्हणाली. "मघाशी माझी उलटतपासणी घेऊन गेले."

"तुम्ही यांच्या..."

"बायको."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्ही विचारलंत कुठे? बाकी सगळं विचारलंत."

त्याने फळीवरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या वह्यांचा गठ्ठा काढून खाटेवर ठेवला. एकेका वहीवर आकडे लिहिलेले. सतरा लिहिलेली वही त्याने वहिनींच्या हातात दिली, माझ्या नाही.

"पहिल्या वर्षी बागेचे साहेब म्हणाले, रोज मासे मोजून सांग," तो म्हणाला. "हलते मासे मोजायचे कसे? एक दिवस अडतीस भरायचे, दुसऱ्या दिवशी एकेचाळीस. साहेबांना वाटलं मी मासे बाहेर विकतो. सगळ्यांसमोर चोर म्हणाले. मला लिहिता फारसं येत नव्हतं. म्हणून मी एकेकाला ओळखायला लागलो आणि एकेकाचं चित्र काढलं. वरून दिसतो तसं. पुढे एक प्रवासी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये एक लहान मासा घालून घेऊन गेला. पुन्हा माझ्यावर आलं. मी वह्या पुढे टाकल्या, म्हटलं, एकोणतिसावा गेलाय, पिवळा, शेपटीला काळी किनार. त्या दिवशी पाहुण्यांमध्ये थर्मासवाला एकच होता. साहेबांनी मला ठेवून घेतलं. तेव्हापासून दर वर्षी त्याच महिन्यात प्रत्येकाचं चित्र काढतो. आणि फाटकावर दोन सह्या."

वहिनींनी पानं उलटली. दर पानावर एक मासा. पहिल्या वर्षी बोटभर, तीन काळे डाग आणि डोक्यावर लाल ठिपका. ठिपक्याच्या डाव्या कडेला एक खाच, उंदराने कुरतडल्यासारखी. नवव्या पानावर वहिनींनी फोटो ठेवला. तेच वर्ष. डाग, ठिपका, खाच, सगळं तंतोतंत. चौदाव्या पानावर मधला डाग राखाडी झालेला. सोळाव्या पानावर उजवी मिशी तुटलेली. अठराव्यावर दोनच डाग, एकविसाव्यावर एक, तोही तिळाएवढा. पंचविसाव्या पानापासून पाठ कोरी होती. ठिपका थोडा आकसला होता, पण खाच प्रत्येक पानावर होती.

"मघाशी बाहेर खाच होती," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी पाहिली."

मी पाहिली नव्हती. मी डाग शोधत होतो, आणि डाग नाहीत म्हटल्यावर बाकीचं बघायचं मी थांबवलं होतं.

तरीही, खरं सांगतो, माझं मन मानायला तयार नव्हतं. संशयाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. मी म्हणालो, "एकतीस चित्रं काय, आठवडाभरात बसूनही काढता येतात."

त्याच्या बायकोने तोंड उघडलं, पण त्याने हाताने तिला थांबवलं. "तपासा की," तो मला म्हणाला. "भिंग घेऊनच फिरताय."

मी खिडकीशी बसलो आणि माझं काम केलं. ते मला येतं. पहिल्या पानांवर पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटायला आला होता. भीत भीत काढलेल्या, थरथरणाऱ्या रेषा, ज्याला चित्र येत नाही त्याच्या. दहाव्याच्या पुढे रेषा मोकळी होत गेली होती, विसाव्याला तर हात न उचलता एका दमात मासा काढलेला. मग हळूहळू ती जाड झाली. शेवटच्या चार-पाच पानांवर रेषा मध्येच तुटत होती आणि जरा सरकून पुन्हा सुरू होत होती. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. रोज थंड पाण्यात राहून बोटांचे सांधे सुजले होते, चिमटीत पेन्सिल धड बसत नसणार. नकली काम मी आयुष्यभर पाहिलंय. नकली काम करणारा सगळं एका हाताने, एका वयात करतो. ते म्हातारं होत नाही. हे झालं होतं. एक माणूस एकोणीस वर्षांचा होता तो पन्नास वर्षांचा होईपर्यंत मला त्या रेषांत दिसत होता.

"खरी आहेत," मी म्हणालो. "सगळी एकाच माणसाची."

वहिनी उठल्या. माझ्या हातातली वही घेतली, पहिलं पान उघडलं, मग शेवटचं, आणि मधली पानं मुठीत धरून ती दोनच माझ्यापुढे शेजारी धरली.

"ही दोनच तुमच्या टेबलावर आली असती, तर काय शेरा मारला असतात, भाऊजी?"

मला उत्तर माहीत होतं आणि त्यांनाही. मला फार लाज वाटली. दादा उजव्या हाताला डाव्या हाताने धरून, तोंड वाकडं करून, एकेक अक्षर ओढतोय आणि वहिनी त्याच्यासमोर कागद घट्ट धरून बसल्यात, हे मला पहिल्यांदा दिसलं. तीन महिने तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, ते मी मारलेल्या शेऱ्यामुळे. मोटर घरघरत राहिली. काय चाललंय ते त्या नवरा-बायकोला कळायला मार्ग नव्हता.

"चहा टाकू का?" त्याच्या बायकोने विचारलं.

"टाका," वहिनी म्हणाल्या.

चहा झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, तुम्हीही घाला की त्याला. एवढे लांबून आलात." आम्ही पुन्हा पायरीवर गेलो. मी गुडघे मोडून बसलो, तळहातावर दाणे घेतले आणि हात पाण्यात धरला. मासा लगेच आला नाही. एका बाजूने गेला, दुसऱ्या बाजूने गेला, पुलाखाली जाऊन उभा राहिला. माझा हात गारठला. बगळा माझ्या शेजारी उभा होता. बऱ्याच वेळाने मासा आला, खाच माझ्याकडे करून, आणि त्याने माझी बोटं चोखली. दादा म्हणायचा ते खोटं नव्हतं.

फाटकावर त्याने वही पुढे केली. वहिनींनी सही केली. मी पेन घेतलं, पण बोटं ओली आणि बधिर होती. पेन घसरलं, पहिलं अक्षर वर उडालं, शेवटचं फराटा होऊन ओळीबाहेर गेलं. मी दुपारची सही पाहिली आणि ही पाहिली. मीच तपासायला बसलो असतो तर क्षणाचाही विचार केला नसता.

त्यानेही दोन्ही पाहिल्या. मान पुढे काढून, सावकाश.

"वेगळी आलीय," तो म्हणाला.

"हो."

"असू दे. दुपारपासून बघतोय मी तुम्हाला. तुम्हीच आहात." त्याने वही मिटली.

बसथांब्यावर आम्ही दोघंच होतो. वहिनी बाकावर बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. मी उभाच राहिलो. बसायचं धाडस होत नव्हतं.

"वहिनी, ती कचेरी सोमवारी किती वाजता उघडते?"

"दहाला. पण साडेनऊपासून बाकावर बसावं लागतं. मला सवय आहे."

"मी नऊला येतो. तो शेरा खोडतो."

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "खोडलेलं तुम्हीच कधी मान्य केलं नसतंत. नवा लिहा आणि खाली सही करा. धड करा."

"करतो." मग जे म्हणायचं होतं ते कसंबसं म्हटलं. "माझं चुकलं, वहिनी."

"हो, चुकलं." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "तीन महिने चुकलं."

लांबवर बसचा आवाज आला. वहिनींनी पिशवीतून फोटो काढून माझ्यापुढे धरला.

"हा तुमच्याकडे ठेवा. उद्या सकाळी आधी तुम्ही त्यांच्याकडे जा आणि मासा आहे म्हणून तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मन राखायला सांगते. तुम्ही कधी कुणाचं मन राखलं नाहीत, हे त्यांना पक्कं माहीत आहे. म्हणून तर दोघांना पाठवलं."